त्याला वाया म्हणायचे

शंभरातल्या चौऱ्याण्णव खेळाडूंनी वायाला पुलावरून ढकलून दिलं होतं. हा आकडा मला तोंडपाठ आहे, कारण त्या आकड्यावरूनच माझं काम सुरू झालं.

मी गेमच्या कथा लिहिते. माझी आई नातेवाइकांना सांगते, "ती कॉम्प्युटरमध्ये आहे," आणि कुणी पुढचं काही विचारायच्या आत विषय बदलते. ‘बंदराचे सात’ हा आमच्या कंपनीचा सगळ्यात गाजलेला गेम. शत्रूने वेढलेलं एक बंदर आणि ते राखणारी सात माणसं. खेळणारा त्यांचा म्होरक्या असतो. सातवा म्हणजे वाया. अंगाने काटकुळा, सारखं नाक ओढणारा, कुणी टोचून बोललं तरी उगाच हसणारा. एका पहाटे तो बंदराचं मागचं दार शत्रूला उघडून देतो आणि सातांतले चौघे मारले जातात. शेवटी तो पुलावर खेळणाऱ्याच्या हाती सापडतो. तिथे दोनच पर्याय येतात: ढकल, नाहीतर सोडून दे.

लोकांनी ढकललं. नुसतं ढकललं नाही, तो प्रसंग पुन्हापुन्हा खेळून त्याचे व्हिडिओ टाकले, त्यावर गाणी लावली. पण गंमत अशी, की सात वर्षांनी दुसऱ्या भागाची चर्चा सुरू झाली तेव्हा आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त नाव त्याचंच होतं. काहींना तो पुन्हा हवा होता, पुन्हा मारायला. आणि काहींनी एका ओळीत विचारलं होतं, त्याने असं का केलं?

आमच्या विभागाची प्रमुख एक बाई आहे. तिला आम्ही सगळे कॅप्टन म्हणतो. ती म्हणाली, "सगळे त्याच्याबद्दलच विचारतायत, तर गेमच त्याचा करू. नदीत पडला, वाचला. बारा वर्षं गेली. आता तो परत त्याच बंदरात येतो. तू लिही."

मी जुनी फाइल काढली. बाकी सहा जणांची वीस-वीस पानं होती. जन्मगाव, आवडीनिवडी, कुणाला कुठल्या पायरीवर ठेच लागली इथपर्यंत. वायाच्या पानावर चार ओळी. नाव वाया. आडनाव लागत नाही. स्वभाव लाचार. भूतकाळाची गरज नाही.

मग मी त्याला भूतकाळ द्यायला घेतला. दोन महिने राबले. महापूर आणला, अनाथाश्रम आणला, चाबूक मारणारा पहारेकरी आणला, एक हरवलेली बहीण आणली. कॅप्टनने सगळं वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बिचाऱ्याच्या एका बालपणात तू सहा जणांची बालपणं कोंबलीस. मला एवढंच सांग, त्या पहाटे त्याने दार का उघडलं?"

मी माझी पानं पुन्हा चाळायला लागले.

"पहिला भाग ज्यांनी लिहिला त्यांना विचार," ती म्हणाली. "चावतात, पण विचार."

पहिला भाग लिहिणाऱ्यांना अख्खी कंपनी सर म्हणते. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी काम सोडलं होतं. चौसष्ट वर्षांचे होते. तिसऱ्या मजल्यावर राहायचे, इमारतीला लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचले तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं, "पाच मिनिटं."

मी वायाचं नाव काढलं. त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता, कातडी चुरगळलेल्या कागदासारखी.

"त्याला भूतकाळ नाही," सर म्हणाले.

"पण सर, काहीतरी कारण असेलच ना."

"का असेल? काही माणसं नुसती वाया गेलेली असतात. तुम्हा नव्या लोकांना प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी बघायचं असतं. चहा घे आणि जा."

चहा घेतला आणि निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असेन, तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन येत होत्या. पिशवीत धड दोन केळ्यांच्या साली नव्हत्या.

"ते नाव ह्यांनी शोधलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचं आहे ते. ह्यांच्या धाकट्या भावाला ते वाया म्हणायचे. शाळेत नापास झाल्यापासून." मग त्यांनी मला एका दुकानाचा पत्ता सांगितला, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. "भाऊजी तिथे जळलेल्या मोटरींत नवी तार भरतात. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

"दोघे भेटत नाहीत?"

"अडतीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, आणि पिशवी तशीच हातात घेऊन परत वर गेल्या.

कुणाच्या दुकानात जाऊन ‘तुमचं आयुष्य सांगा’ असं म्हणायला तोंड लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. म्हणून मी घरचा मिक्सर पिशवीत घातला आणि शनिवारी सकाळी गेले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर पाटी, ‘येथे मोटर भरून मिळेल’. आत एका बाजूला पंप, पंखे, गिरणीच्या मोटरी, सगळ्यांची पोटं उघडलेली. भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, जाड-बारीक अशी ओळीने. वार्निशचा वास इतका उग्र की डोळे चुरचुरले. मधोमध स्टुलावर एक पासष्टीचा वाटेल असा, पण खरं तर सत्तावन्नचा माणूस बसला होता. नाक सरांचंच.

मी मिक्सर पुढे केला. "जळलाय बहुतेक."

त्याने मिक्सर नाकाशी धरला, पुन्हा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मॅडम, जळलेली मोटर नाकाला कळते. तुमचा मिक्सर माझ्यापेक्षा धडधाकट आहे. काय काम आहे ते सांगा."

मला इतकी शरम वाटली की मी सगळं खरं सांगून टाकलं. कंपनी, गेम, दुसरा भाग. सरांचं नाव मात्र घेतलं नाही. त्याची गरजही पडली नाही.

"म्हणजे तुम्ही वायाच्या," तो म्हणाला.

"तुम्ही खेळलाय तो गेम?"

"एका गिऱ्हाइकाने गेमचं जुनं मशीन टाकायला काढलं होतं. ते दुरुस्त करून ठेवून घेतलं. पन्नाशीत शिकलो. आधी बोटंच वळेनात." त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक छोटा टीव्ही होता, वर फडकं टाकलेलं. "बघायचं होतं दादाने काय केलंय माझं."

"आणि शेवटी... पुलावर?"

"पहिल्या वेळी ढकललं मीच," तो म्हणाला. "भडकलो होतो. कुणावर, ते विचारू नका. दुसऱ्या वेळी सोडून दिलं. मग पुन्हा खेळलो नाही."

गल्लीतले लोक त्यांना मिस्त्री म्हणत. मी काका म्हणायला लागले. त्या दिवशी त्यांनी मला काही सांगितलं नाही. फक्त निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी रिकाम्या हाताने या. वजन कशाला उचलता."

मग मी दर शनिवारी जायला लागले. ते काम करत असत, मी समोरच्या पेटीवर बसत असे. कधी दोरा धरायला सांगत, कधी कागदाच्या पट्ट्या कापायला. जळलेली मोटर आली की आधी छन्नीने जुनी तार तोडून काढायची, पण एक गुंडाळी अख्खी ठेवून तिचे वेढे मोजायचे. किती वेढे होते, कुठल्या जाडीची तार होती, कुठून कुठे गेली होती, ते वहीत लिहायचं. मग खाचा घासून साफ करायच्या, कागद घालायचा, नवी तार भरायची, दोऱ्याने आवळायची, वार्निशात बुडवायची, भट्टीत सुकवायची. घाईचं कामच नाही. काकांचं बोलणंही तसंच होतं.

आई होती तोवर त्यांचं नाव भुंग्या होतं. सतत काहीतरी गुणगुणायचे म्हणून. ते आठ वर्षांचे असताना आई गेली आणि गुणगुणणं थांबलं. वडिलांचं खोकी बनवायचं दुकान होतं, पुठ्ठ्याची, लाकडाची. मोठा मुलगा हुशार, लिहिणारा, वाचणारा. धाकटा दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी वडील जेवताना म्हणाले, "हा वाया गेला." दुसऱ्या दिवशी कुणीतरी गमतीने "ए वाया" अशी हाक मारली. ते ओ म्हणाले.

"तिथेच चुकलं," काका म्हणाले. "ओ द्यायला नको होता. पण दहा-अकरा वर्षांचा होतो, भूक लागली होती, जेवायला बोलावत होते."

पुढे शेजारी, दुकानातले कामगार, सगळेच वाया म्हणायला लागले. दादासुद्धा. दादा वाईट हेतूने म्हणत नसे, पण म्हणत असे.

एकोणिसाव्या वर्षी गोदामाची किल्ली त्यांच्याकडे होती. गोदामात पुठ्ठा, भुसा, आणि एका कपाटात दादाची कादंबरी. हाताने लिहिलेली, चार वर्षं खपून. घरात जागा नव्हती म्हणून तिथे ठेवलेली. एका रविवारी दुपारी चार ओळखीची पोरं आली. त्यांना पत्ते खेळायला आडोसा हवा होता. काकांनी किल्ली दिली. पोरांनी स्टोव्ह पेटवला. पुढचं सांगायला नको. दादा कादंबरीसाठी आत घुसला आणि हात भाजून, रिकामाच बाहेर आला.

मी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत नव्हतं ना, ते स्टोव्ह पेटवतील हे?"

"हे बघ पोरी," काका म्हणाले. मॅडमवरून मी पोरीवर कधी आले ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. "किल्ली मी दिली. बाबांनी दहा वेळा बजावलेलं असताना दिली. त्यात चांगलं कारण शोधू नकोस. सापडणार नाही."

"मग का दिली?"

त्यांनी तारेचं टोक दातात धरलं होतं, ते काढलं. बराच वेळ दोरा आवळत राहिले.

"त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली," ते म्हणाले. "खऱ्या नावाने. शाळेच्या हजेरीत असतं ना, तसं. किती वर्षांनी कुणी मारली होती. त्यांना किल्ली हवी होती म्हणून मारली, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी बरं वाटलं."

ते खरं नाव त्यांनी मला सांगितलं. आणि लगेच दोन अटी घातल्या. ते नाव कुठेही लिहायचं नाही. आणि जे झालं ते होतं त्यापेक्षा बरं करून दाखवायचं नाही. पहिली अट मी इथेही पाळते आहे.

त्या सोमवारी मी ऑफिसात गेले आणि एका बैठकीत लिहिलं. शत्रूचा हेर दारापाशी येतो. तो वायाला सोन्याची लालूच दाखवत नाही, सुरीही दाखवत नाही. तो फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारतो. खेळणाऱ्याला ते नाव ऐकू येत नाही. लाटेचा आवाज येतो. पण वायाचा चेहरा दिसतो. कॅप्टनने ते वाचलं. नुसती मान हलवली आणि दिवसभर माझ्याशी जरा जपून वागली.

उरलेली बारा वर्षं काकांच्या आयुष्यातूनच आली, थोडी इकडची तिकडे करून. आगीनंतर घर सोडल्यावर ते चार वर्षं दारूत होते. तीन नोकऱ्या गेल्या. मग मोटरी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या वायंडरने ठेवून घेतलं. त्याने मागचं-पुढचं काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "आधी हात धुऊन ये." पहिलं वर्ष नुसती जळलेली तार काढायला लावली. दुसऱ्या वर्षी पहिला पंप भरला, तो तासाभरात पुन्हा जळला. म्हातारा म्हणाला, "काढ आणि परत भर." तिसऱ्यांदा तो चालला. "पाणी वर चढलं तेव्हा मी भट्टीमागे जाऊन रडलो," काका म्हणाले, "आणि ते गेममध्ये घालायचं असेल तर भट्टीमागेच घाल. सगळ्यांसमोर नको."

गेममधला वाया बंदराच्या पूर आलेल्या वस्तीत पंप दुरुस्त करणारा झाला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही. लोक त्याला पंपवाला म्हणतात. मारलेल्या चौघांपैकी एकाची बहीण तिथेच राहते, मासेमारीची जाळी विणणारी. तो तिच्या घरचा पंप गुपचूप दुरुस्त करून जातो, ओळख न देता. मला तो प्रसंग फार आवडला होता. मी तो काकांना मोठ्या अपेक्षेने वाचून दाखवला.

ते मानेनेच नाही म्हणाले.

"हे मी केलंय," ते म्हणाले. "दादाच्या इमारतीला पाण्याचा पंप आहे. तो नऊ वर्षं मीच बघतो. वहिनी निरोप धाडते. दादा वर झोपलेला असतो तेव्हा जातो आणि येतो. मला वाटायचं, मी काहीतरी फेडतोय. पण ते फेडणं नाही पोरी, ते लपणं आहे. त्याच्या नळाला पाणी येतं आणि त्याला माहीतच नाही कोण देतंय. माझं मलाच गोड वाटायचं."

"मग वायाने काय करावं?"

"तिने नाव विचारलं की सांगावं. जे आहे ते."

"ती त्याला हाकलून देईल."

"देऊ दे ना. तो तिचा हक्क आहे."

तसंच लिहिलं. पंप सुरू होतो, जाळीवाली हात पुसत विचारते, "तुझं नाव काय रे?" खेळणाऱ्यापुढे बरीच नावं येतात, खोटी, बरी वाटणारी. शेवटी एक येतं. ते निवडलं तर तो म्हणतो, "मला वाया म्हणायचे." ती त्याला माफ करत नाही. दार लावून घेते. तीन दिवसांनी तिचा पंप पुन्हा बिघडतो, ती तासभर उंबऱ्यात उभी राहते आणि मग त्यालाच बोलावते. काम होईपर्यंत एक शब्द बोलत नाही. पण पाण्याचा तांब्या भरून दारात ठेवते.

शेवट सोडून कथा पुरी झाली. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे ती मूळ लेखकाला दाखवायची होती. मी आधी काकांना विचारलं. ते तार भरत होते. हातातली गुंडाळी संपवली आणि म्हणाले, "दे."

सरांचा फोन चौथ्या दिवशी आला. "ये," एवढंच.

पानं त्यांच्या मांडीवर होती.

"हे तुझ्या डोक्यातलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यातलं मी वाचलंय. कॅप्टनने पाठवलं होतं. महापूर."

काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"मी सांगितलं तिला," त्या म्हणाल्या.

"आणि पंपाचं? तेही खरं?"

"हो."

"किती वर्षं?"

"नऊ."

सर खिडकीतून खाली, पंपाच्या खोलीच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "एवढा वारंवार बिघडतो का तो पंप?"

काकूंनी पदराला हात पुसले. "तसा चांगला आहे. बरेचदा तो बिघडतच नाही. म्हणून मीच मधूनमधून बोलावून घेते. भाऊजी नुसते तेल घालून जातात. त्यांनाही ठाऊक आहे."

सर हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. "टॅक्सी बोलाव," ते मला म्हणाले.

दुकानापाशी उतरलो तेव्हा काका मोठ्या मोटरीची कॉइल गुंडाळत होते. डाव्या हाताने साचा फिरवत, ओठ हलवत वेढे मोजत. त्यांनी वर पाहिलं. दारात दादा उभा. एक क्षण हात थांबल्यासारखा झाला. मग त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि मोजत राहिले. मध्ये सोडलं असतं तर सगळी गुंडाळी पहिल्यापासून करावी लागली असती.

सर पेटीवर बसले. मी आयुष्यात त्यांना कुणासाठी पाच मिनिटं थांबलेलं पाहिलं नव्हतं. ते चांगली वीस मिनिटं बसले. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. मी उठायला लागले तशी काकांनी मोजता मोजताच मला खुणेने बसायला सांगितलं.

गुंडाळी संपली. काकांनी गाठ मारली, साबणाने हात धुतले, फडक्याला पुसले आणि समोरचं स्टूल ओढून बसले.

"म्हातारा झालास," सर म्हणाले.

"तूही."

मग सर अचानक बोलायला लागले, एखादं पाठ केलेलं म्हणावं तसं, भराभर. "ती कादंबरी चांगली नव्हती."

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"चार वर्षं लिहिली. शेवटच्या महिन्यात मला कळलं होतं, हे जमलेलं नाही. सगळ्यांना सांगून बसलो होतो. बाबा तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. काय करावं कळत नव्हतं. आणि मग आग लागली. मी आत धावलो, कारण सगळे बघत होते. आणि आतमध्ये, कपाट जळताना बघून मला..." त्यांनी भाजलेला हात दुसऱ्या हाताने धरला. "मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगणार? म्हणून तुझ्यावर राग धरला. तो धरायला सोपा होता. बाबांनी नाव तयारच ठेवलं होतं. नंतर लोक म्हणायचे, ह्याचं केवढं मोठं पुस्तक गेलं. मी म्हणू दिलं."

काकांचे कान लाल झाले होते. ते उठले, भिंतीपर्यंत गेले, एका रिळावरची सुटलेली तार उगाच नीट केली.

"अडतीस वर्षं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी जगातलं एक चांगलं पुस्तक जाळलं. रस्त्यात पुस्तकांचं दुकान दिसलं की मी पलीकडून जायचो."

"हो," सर म्हणाले. त्यांनी माफ कर असं म्हटलं नाही. बहुतेक धीर झाला नाही.

"दादा, तू आता जा," काका म्हणाले. आवाज वर गेला नव्हता. "मला राग येतोय. मला तो नीट येऊ दे. पुढच्या शनिवारी ये."

"येऊ ना?"

"ये म्हटलं ना."

टॅक्सीत निम्म्या वाटेवर सर खिडकीकडे बघत म्हणाले, "चिडला की अजून कान तसेच लाल होतात त्याचे. लहानपणी आई तिथे पाणी लावायची."

पुढच्या शनिवारी ते गेले. त्याच्या पुढच्याही. मी मध्ये असायचे, कारण कथेत अजून शेवट नव्हता आणि शेवटावरून दोघांचं जुंपलं होतं. सरांच्या मते वायाने वस्ती वाचवताना, फुटणाऱ्या बांधाखाली सापडून मरावं. तेवढं केल्याशिवाय लोक त्याला स्वीकारणार नाहीत.

"मरण्यात काय आहे?" काका म्हणाले. "मेला की सुटला. त्याला म्हातारा होऊ दे. तिथेच. लोकांना सगळं माहीत असलेल्या गावात रोज उठून दुकान उघडू दे. ते करून दाखव."

"त्यात खेळायचं काय?"

"पंप दुरुस्त करायचे. पंप काय कमी आहेत?"

सर हो-नाही करत राहिले, मग एक दिवस त्यांनी मला तोंडी मजकूर सांगायला सुरुवात केली. ते सांगत, मी टाइप करी, काका मधूनच "असं कुणी बोलत नाही" म्हणत. म्हाताऱ्या वायाचं शेवटचं प्रकरण असं तयार झालं. त्यात एकही लढाई नाही. लोक कधी त्याला पंपवाला म्हणतात, कधी मिस्त्री, कुणी जुना खवट माणूस वाया म्हणतो. आणि तो सगळ्यांना ओ देतो, पण आता मान वर करून.

म्हाताऱ्या वायाच्या हातांसाठी कॅप्टनने काकांना ऑफिसात बोलावलं. आमच्याकडे हालचाली टिपणारे कॅमेरे आहेत. माणसाच्या बोटांना बारीक ठिपके चिकटवतात आणि तो जे करेल ते पडद्यावरचं पात्र करतं. काका धुतलेला शर्ट घालून आले. "हात चांगले घासून आलोय," त्यांनी पोचल्यावर सांगितलं. ठिपके चिकटवणाऱ्या मुलीने त्यांच्या बोटांवरचे कापल्याचे जुने वण पाहिले आणि विचारलं, "हे पडद्यावर ठेवायचे की काढायचे?" काकांनी सरांकडे पाहिलं. सर काचेपलीकडे बसले होते, सगळ्यांना सूचना देत, कुणी विचारलेलं नसताना.

"ठेवा," सर म्हणाले. "आणि कॅमेरा हळू फिरवा. तो घाई करत नाही."

गेम वसंतात आला. बऱ्याच तक्रारी आल्या. शेवटच्या तासात काहीच होत नाही, असं लोकांनी लिहिलं. आणि तोच तास सगळ्यात जास्त लोकांनी पुरा खेळला, असं आमच्या आकड्यांवरून दिसलं. एका बाईने लिहिलं होतं की तिने आपल्या भावाला फोन केला. का केला, ते तिने लिहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी सहज दुकानात गेले. काकूही आल्या होत्या, पेटीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. कोपऱ्यातल्या टीव्हीवरचं फडकं काढलेलं होतं. दोघे भाऊ स्टुलांवर शेजारी बसून खेळत होते. म्हणजे काका खेळत होते, कारण सरांच्या हाताला बटणं दाबता येत नव्हती.

"उजवीकडे वळ," सर म्हणाले.

"उजवीकडे काही नाही."

"मी लिहिलंय, मला माहीत आहे. उजवीकडे वळ."

"दादा, जरा गप्प बस. ह्या माणसाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो."

काकूंनी पान उलटलं. "मघापासून तिथल्या तिथेच फिरतायत," त्या मला म्हणाल्या, "आणि कुणाचं ऐकत नाहीत."